ई-रीडर घेण्याआधी वीस पुस्तकांची यादी करा

प्रश्न थोडक्यात असा: वाचन बहुतेक मराठी, थोडं इंग्रजी. फोनवर तासभर वाचलं की डोळे चुरचुरतात, म्हणून ई-रीडर घ्यायचा आहे. खर्चाची तयारी पंधरा-वीस हजारांची. शिवाय व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या गटांतून जमलेल्या काहीशे पीडीएफ आहेत. यंत्र कोणतं घ्यावं, आणि त्या पीडीएफ त्यावर टाकून वाचणं कितपत योग्य?

दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन अडतात: पुस्तक कुठून येणार आणि कोणत्या रूपात येणार. इंग्रजी वाचणाऱ्याला याचा फार विचार करावा लागत नाही, कुठलंही यंत्र घेतलं तरी त्याचं भागतं. मराठी वाचकाचं तसं नाही. म्हणून यंत्रांची तुलना बाजूला ठेवा आणि पुढच्या वर्षभरात खरोखर वाचायची वीस पुस्तकं कागदावर लिहा. प्रत्येकापुढे ते कायदेशीररीत्या कुठे मिळतं ते नोंदवा: किंडल स्टोअर, गूगल प्ले, बुकगंगा हे ऑनलाइन दुकान, विकिस्रोत हे मुक्त ऑनलाइन ग्रंथालय, साहित्य संस्कृती मंडळाचं संकेतस्थळ, फक्त स्कॅन, की फक्त छापील. एका संध्याकाळचं काम आहे.

यादीत किंडल स्टोअरची पुस्तकं जास्त निघाली तर किंडल घ्या, दुसरा विचार नको. बुकगंगावरची जास्त निघाली तर किंडल निरुपयोगी, कारण तिथली ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात. त्यासाठी ॲन्ड्रॉइडवर चालणारा ई-इंक (कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचा) रीडर लागतो, उदाहरणार्थ बूक्स कंपनीचा. स्कॅन जास्त असतील तर सहा इंची पडद्याचं कुठलंच यंत्र नको. आणि वीसपैकी बारा-चौदा पुस्तकं फक्त छापील मिळत असतील, जे मराठीत सहज शक्य आहे, तर यंत्र घेऊच नका. त्या पैशांत चांगल्या ग्रंथालयाची अनेक वर्षांची वर्गणी भरून होते.

यंत्र घ्यायचंच ठरलं तर सगळ्यात आधी पडद्याची घनता पाहा. देवनागरीत ओळीच्या वर वेलांट्या-अनुस्वार, खाली रुकार-उकार आणि मध्ये जोडाक्षरं, त्यामुळे कमी घनतेच्या पडद्यावर ‘द्व’ आणि ‘द्ध’ एकसारखे दिसायला लागतात. इंचाला ३०० बिंदू हवेतच. जुनं स्वस्त किंडल घेताना इथेच फसगत होते: २०१९च्या साध्या किंडलचा पडदा १६७ बिंदूंचा आहे, २०२२पासूनच्या साध्या किंडलचा ३००चा. जाहिरातीत दोन्हीचं नाव ‘किंडल’ एवढंच असतं. चार्जिंगचं तोंड पाहिलं तरी फरक कळतो; २०१९च्या यंत्राला जुनी मायक्रो-यूएसबी लागते, २०२२च्याला सी-टाइप.

रंगीत पडद्याच्या मोहात पडू नका. कॅलिडो ३ पद्धतीच्या पडद्यावर काळं-पांढरं ३०० बिंदूंत दिसतं, पण रंग १५० बिंदूंतच. वरच्या रंगगाळणीमुळे पार्श्वभूमी करडी दिसते आणि दिवा कायम चढा ठेवावा लागतो. मुलांच्या चित्रमय पुस्तकांसाठी ठीक. कादंबरीसाठी साधा पडदा बरा. पिवळसर प्रकाशाची सोय मात्र रात्री वाचणाऱ्याने जरूर घ्यावी. साध्या किंडलमध्ये ती नाही, पेपरव्हाइटमध्ये आहे. २०२४च्या पेपरव्हाइटला सात इंची पडदा आहे आणि ते पाण्यालाही दाद देत नाही. कोबो कंपनीचं क्लारा बीडब्ल्यू याच तोडीचं, वर ते ईपब (पडद्याच्या मापाप्रमाणे मजकूर जुळवून घेणारा ई-पुस्तकाचा प्रकार) फाइल थेट उघडतं. पण बाहेरून मागवणार असाल तर भारतात वॉरंटी चालते का हे आधी विचारा. ॲन्ड्रॉइडवाल्या यंत्रांत ॲप कुठलंही चालतं, बॅटरी मात्र आठवड्यांऐवजी दिवसांच्या हिशेबात संपते आणि आधीच्या पानाची पुसट छाया राहते. ॲपमधलं पान उलटण्याचं ॲनिमेशन बंद करून पूर्ण रिफ्रेश चार-पाच पानांवर ठेवला की ती बरीच कमी होते.

साठवण १६ जीबी पुष्कळ झाली. तीनशे पानांची मराठी कादंबरी युनिकोड (संगणकावरची प्रमाण अक्षरसंहिता) मजकूर असेल तर ईपबमध्ये एक एमबीसुद्धा भरत नाही. तीच स्कॅन केलेली असेल तर २० ते १०० एमबी. कव्हर मात्र कडक पाठीचंच घ्या. बहुतेक ई-इंक पडद्यांच्या मागे पातळ काच असते आणि ती बॅगेत डब्याच्या किंवा चार्जरच्या दाबाने आतून तडकते. वरून ओरखडाही दिसत नाही, पण अर्धा पडदा कायमचा गोठतो.

कुठलंही यंत्र परत करायची मुदत संपण्याआधी एक छोटी फाइल त्यावर टाकून पाहा. तिच्यात एवढे शब्द लिहा: दऱ्या, कऱ्हाड, वाङ्मय, हृदय, शृंगार, ज्ञानेश्वरी, ॲप, ऑक्टोबर, सद्वर्तन, शक्ती. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला किंवा ‘ऱ्या’ पाय मोडून सुटा उभा राहिला तर त्या यंत्राचा किंवा फॉन्टचा मराठीशी परिचय नाही. ‘ॲ’च्या जागी चौकोन आला तर फॉन्ट जुना, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. अशा वेळी नोटो सेरिफ देवनागरी, मुक्ता किंवा टिरो देवनागरी मराठी यांपैकी एक फॉन्ट वापरा, तिन्ही मोफत आहेत. टिरोच्या मराठी आवृत्तीत ल आणि श मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. किंडल आणि कोबो दोन्हींवर ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये फॉन्टची फाइल टाकता येते. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे फॉन्ट पुस्तकाच्या फाइलमध्येच भरणं. कोबोवर जोडाक्षरं तरीही तुटली तर केओरीडर हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्याची अक्षरजुळणी भारतीय लिप्यांसाठी चांगली आहे.

आता पीडीएफ. मराठी वाचकाचे सगळ्यात जास्त तास इथेच वाया जातात.

सहा इंची पडदा म्हणजे कर्ण सहा इंच. प्रत्यक्षात तो सुमारे ३.६ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच. आपली नेहमीची डेमी आकाराची पुस्तकं ५.५ बाय ८.५ इंचांची. अख्खं पान पडद्यावर बसवलं की ते ५६ टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटचा मजकूर ७ पॉइंटहून बारीक दिसतो. समास कापून टाकले तरी तो ८ पॉइंटच्या आसपासच राहतो. यंत्र आडवं धरलं आणि समासही कापलेले असले तर मजकूर मूळ आकाराहून किंचित मोठा होतो, पण मग एका पानाचे दोनाहून अधिक तुकडे पडतात. ७.८ इंची पडद्यावर समास कापून उभं वाचता येतं. १०.३ इंचावर पान जवळजवळ जसंच्या तसं बसतं, पण ती यंत्रं तुमच्या बजेटबाहेरची आहेत. मुख्य वाचन स्कॅनचंच असेल तर दहा इंची साधा टॅब्लेट घेऊन प्रकाश कमी ठेवणं हा व्यवहारी तोडगा आहे.

‘पीडीएफचं ईपब करून घेतो’ असं बरेच जण ठरवतात आणि पहिल्या पानावरच अडकतात. पीडीएफमध्ये अक्षरं क्रमाने साठवलेली नसतात, अक्षरांच्या आकृत्या आणि त्यांच्या जागा साठवलेल्या असतात. इंग्रजीत आकृती आणि अक्षर एकच असल्याने निभावतं. मराठीत ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने व्यंजनानंतर येते पण दिसते आधी, रफार दिसतो पुढच्या अक्षरावर. मजकूर उपसून काढला की हे सगळं विस्कटतं. श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टांत जुळवलेलं पुस्तक असेल तर त्याहून वाईट: आत देवनागरी नसतेच, रोमन अक्षरांना मराठी मुखवटे चढवलेले असतात. ओळख सोपी आहे. पीडीएफमधला एक शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे तोच शब्द धड दिसला तर आशा आहे, नाहीतर रूपांतराचा नाद सोडा.

मग उरतो ओसीआर, म्हणजे चित्रातून अक्षरं ओळखणं. टेसरॅक्ट या मोफत सॉफ्टवेअरला मराठीची भाषा-फाइल आहे. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून ती डॉक्समध्ये उघडली तरी ओसीआर होतो. पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० बिंदूंना, स्कॅन केलेलं हवं. आधी स्कॅन टेलर या सॉफ्टवेअरमध्ये जोडपानं वेगळी करा, तिरपी पानं सरळ करा, कडेच्या काळ्या पट्ट्या कापा. एवढं केलं तरी ध-घ, भ-म, ब-व, थ-य यांची अदलाबदल होते आणि अनुस्वार गळतात. तीनशे पानांचं पुस्तक तपासायला काही दिवस जातात. एखाद्या जिवाभावाच्या दुर्मिळ पुस्तकासाठी हे करावं, शंभर पुस्तकांसाठी नाही.

युनिकोड मजकूर हाती असेल तर काम सोपं होतं. वर्ड फाइल कॅलिबरमध्ये घाला. ई-पुस्तकं तयार करण्याचं हे मोफत सॉफ्टवेअर कोविद गोयल या भारतीय माणसाने २००६ साली सुरू केलं. प्रकरणांच्या नावांना वर्डमध्येच हेडिंगची शैली द्या, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप होते. मेटाडेटात, म्हणजे पुस्तकाच्या माहितीत, भाषा मराठी ठेवा. फॉन्ट आत भरा, ओळींतलं अंतर फॉन्टच्या आकाराच्या दीडपट ठेवा, आणि मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नका. मराठी शब्द लांब, पडदा अरुंद, त्यामुळे शब्दांमध्ये खिंडारं पडतात. किंडलवर केबलने ईपब टाकली तर ती यादीत दिसतच नाही. एकतर कॅलिबरमध्ये तिचं एझेडडब्ल्यू३ या किंडलच्या प्रकारात रूपांतर करून टाका, नाहीतर ‘सेंड टू किंडल’च्या पानावरून ईपब पाठवा, तिथे २०० एमबीपर्यंतची फाइल चालते. ईमेलने पाठवूनही पोचली नाही तर तुमचा पत्ता मंजूर पत्त्यांच्या यादीत आहे का ते पाहा. जुन्या मोबी प्रकारात फॉन्ट आत भरता येत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता योग्य-अयोग्याकडे. आधी कायदा, कारण त्यात निम्म्या शंका मिटतात.

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७चा. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ही ६० वर्षं मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून मोजतात. म्हणजे मृत्यूच्या सालात ६१ मिळवा, त्या सालच्या १ जानेवारीला पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११पासून मुक्त. मर्ढेकर १९५६, म्हणून २०१७. सावरकर १९६६, म्हणून २०२७. अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघेही १९६९, म्हणून २०३०. खांडेकर २०३७, आणि पु. ल. देशपांडे थेट २०६१. केशवसुत, हरिभाऊ आपटे, गडकरी, बालकवी, फुले, टिळक हे सगळे केव्हाच मुक्त झालेले आहेत.

यात खाचा आहेत. लेखकाच्या पश्चात प्रथम छापलेल्या लेखनाला प्रकाशनापासून ६० वर्षं मिळतात. बाबासाहेबांनी हयातीत छापलेलं लेखन २०१७ला मुक्त झालं, पण महाराष्ट्र शासनाने १९७९पासून काढलेल्या खंडांत जे पहिल्यांदाच छापलं गेलं त्याची मुदत वेगळी. अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. तुकोबांचे अभंग कोणाच्याही मालकीचे नाहीत, पण एखाद्या हयात अभ्यासकाच्या प्रस्तावनेचे आणि टीपांचे हक्क त्याचे आहेत. त्या आवृत्तीचं स्कॅन फिरवणं म्हणजे त्याचं लेखन फिरवणं.

परदेशातल्या मराठी वाचकांना आणखी एक गाठ सोडवावी लागते. अमेरिकेत जुन्या पुस्तकांची मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षं, आणि १ जानेवारी १९९६ रोजी भारतात जे लेखन संरक्षित होतं त्याला तिथे पुन्हा संरक्षण मिळालं. म्हणून साने गुरुजींचं १९३६ साली आलेलं पुस्तक पुण्यात मुक्त असलं तरी न्यू जर्सीत ते २०३२च्या सुरुवातीला मुक्त होईल. त्यांच्यासाठी एक चांगली बाजूही आहे: तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डावर लिबी-ओव्हरड्राइव्ह या ॲप-सेवेतून ई-पुस्तकं उसनी मिळतात, आणि कोबोत ती सोय आतच आहे.

‘स्वतःपुरतं वाचलं तर काय?’ कलम ५२ खासगी वापरासाठी आणि संशोधनासाठी प्रामाणिक वापराला मुभा देतं. विकत घेतलेलं छापील पुस्तक स्वतःच्या डोळ्यांसाठी स्कॅन केलं तर त्यात कुणाचं नुकसान दिसत नाही. पण चोरून चढवलेली अख्खी कादंबरी डाउनलोड करणं या मुभेत बसतं असं धरून चालू नका. पुढे पाठवणाऱ्याचं प्रकरण तर आणखी गंभीर. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कलम ६३खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. धंद्याच्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं आहे. गटाचा ॲडमिन म्हणून रोज दहा पुस्तकं टाकणाऱ्यांना बहुधा याची कल्पना नसते. अंध आणि छापील वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी मात्र कायद्यात रुंद वाट आहे. त्यांनी सुगम्य पुस्तकालय या त्यांच्यासाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात नोंदणी करावी.

विकत घेतलेल्या ई-पुस्तकाचं कॉपी रोखणारं कुलूप काढण्याबद्दलही विचारलं जातं. कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं. स्वतःच्याच दुसऱ्या यंत्रावर वाचण्याचा हेतू त्यात येतो का यावर वाद घालता येईल, पण दुकानाच्या अटी तरी मोडतातच. म्हणून रीत इथे देत नाही. ग्राहकाची तक्रार मात्र खरी आहे. २००९मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलवरून दुरूनच पुसली होती. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५मध्ये किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून घ्यायची सोयही काढली गेली. जन्मभर जवळ हवं असलेलं पुस्तक छापीलच घ्या, हा माझा सल्ला.

पैशांचं गणित पाहिलं की फुकट पीडीएफचा प्रश्न वेगळा दिसतो. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार प्रतींची असते. ३०० रुपयांच्या पुस्तकावर १० टक्के मानधन धरलं तर संपूर्ण आवृत्तीचे लेखकाला ३० हजार मिळतात, तेही दोन-चार वर्षांत. दोनशे जणांच्या गटात ती पीडीएफ फिरली आणि त्यातल्या वीस जणांनी पुस्तक घ्यायचं रद्द केलं, तरी आवृत्तीचे दोन टक्के गेले. परदेशी खपाच्या लेखकाला हे जाणवणार नाही, मराठी लेखकाला जाणवतं. दिवाळी अंकांचं तर आयुष्यच महिना-दोन महिन्यांचं. पहिल्याच आठवड्यात पीडीएफ फुटली की स्टॉलवरचा गठ्ठा परत येतो. काही संपादक नंतर स्वतःच अंक मोफत खुला करतात, तो निःसंकोच वाचा. लेखकाने स्वतः किंडलवर काढलेल्या पुस्तकात त्याचा वाटा ३५ किंवा ७० टक्के असतो, म्हणून १०० रुपयांचं तसलं पुस्तक विकत घेतलं तर लेखकाच्या हाती छापील प्रतीपेक्षा जास्त पडू शकतं.

खरी अडचण बाजारातून गेलेल्या, पण हक्क शाबूत असलेल्या पुस्तकांची आहे. पुस्तक मिळत नाही याचा अर्थ ते मुक्त झालं असा होत नाही, पण म्हणून वाचकाने हात चोळत बसावं असंही नाही. शीर्षकपानाच्या मागे हक्क कोणाचे ते छापलेलं असतं. आधी प्रकाशकाला, मग त्या नावाला लिहा. जुन्या करारात ई-पुस्तकाचा उल्लेख नसतो, त्यामुळे लेखकाचे वारस आणि प्रकाशक दोघंही एकमेकांकडे पाहत थांबलेले असतात, आणि वाचकांची चार-पाच पत्रं गेली की कधीकधी गाडी हलते. दरम्यान ग्रंथालयं आहेत: ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. तिथे जे बसून वाचता येतं त्यातलं बरंचसं टेलिग्रामवर नाहीच.

मोफत आणि निर्धोक ठिकाणंही थोडी नाहीत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर शेकडो ग्रंथ पीडीएफमध्ये आहेत. मराठी विकिस्रोतावरचं पुस्तक थेट ईपब म्हणून उतरवता येतं आणि ते कुठल्याही रीडरवर चालतं. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने पुस्तकं देतं. इंग्रजी अभिजात पुस्तकांसाठी स्टँडर्ड ईबुक्सच्या फाइली उत्तम जुळवलेल्या असतात. इंटरनेट आर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने केलेली स्कॅन ढिगाने आहेत, पण शोधताना पुस्तकाचं नाव रोमन लिपीत, तेही तीन-चार तऱ्हांनी लिहून पाहावं लागतं. शिवाय तिथे आहे म्हणून मुक्त आहे असं समजू नका. हक्क शाबूत असलेली पुस्तकंही त्यात मिसळलेली आहेत, आणि उसनी ई-पुस्तकं देण्याच्या इंटरनेट आर्काइव्हच्या पद्धतीविरुद्धचा निकाल अमेरिकी अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये कायम केला.

तुमच्या काहीशे पीडीएफचं काय? तीन फोल्डर करा. मृत्यूचं साल अधिक ६१ या हिशेबाने मुक्त असलेली पहिल्यात. ती ठेवा, वाटा. हक्क शाबूत असलेली पण बाजारात मिळणारी दुसऱ्यात. त्यातलं जे खरंच वाचायचं आहे ते वीसच्या यादीत घालून विकत किंवा ग्रंथालयातून घ्या, बाकीची पुसून टाका. न मिळणारी तिसऱ्यात. त्यांच्यासाठी पत्रं लिहा, पण पुढे पाठवू नका. वर्गवारी करताना फाइलच्या नावाचं शेपूट तपासा: ‘पीडीएफ’नंतर ‘एपीके’ किंवा ‘ईएक्सई’ असेल तर ते पुस्तक नव्हे, बहुधा घातक प्रोग्रॅम, न उघडता काढून टाका आणि ती पाठवणाऱ्यालाही कळवा, त्याच्या फोनवर ती बहुधा उघडली गेलेली असते.